सिद्रामअप्पांचा गाळा आणि शालनची बेकरी

मंडळी, आज देवाच्या दारात तुम्हाला एक पेच घालतो. माणसानं एक शब्द दिलाय. त्याच माणसानं एक व्रतही धरलंय. आणि एके दिवशी दोन्ही समोरासमोर उभे राहिले — शब्द पाळावा तर व्रत मोडतं, व्रत पाळावं तर शब्द जातो! मोडायचं कोणतं? ... आता का गप्प? एरवी चहाच्या टपरीवर साऱ्या देशाचे निकाल लावता की!

बरं, ऐका तर.

बार्शीत सिद्रामअप्पा होनराव म्हणून गृहस्थ. सत्तरी गाठलेले, गळ्यात इष्टलिंग, बाजाररस्त्यावर स्वतःचा गाळा. वडिलांनी शेवटच्या आजारात वचन घेतलं होतं — आपल्या जागेत अभक्ष्य शिजू द्यायचं नाही. अप्पांनी चाळीस वर्षं ते व्रतासारखं पाळलं. एक मटणाचा खानावळवाला तिप्पट भाडं द्यायला तयार होता, अप्पांनी त्याला चहा पाजला आणि वाटेला लावलं!

त्यांच्याकडे आली शालन ढगे. वसतिगृहाच्या मेसमध्ये बारा वर्षं चुलीसमोर घाम गाळलेली बाई. नवरा नाही, पदरात दोन मुली. एका मोठ्या बेकरी कंपनीची शाखा तिनं मिळवली होती — नाव कंपनीचं, कृती कंपनीची, दुकान हिचं. त्यासाठी साठवलेलं सगळं दिलं, हातातल्या पाटल्यासुद्धा दिल्या. पण कंपनीची एक अट होती. शनिवारी साहेब येणार, दुकान तयार दिसलं नाही तर शाखा दुसऱ्याला. भरलेले पैसे बुडाले!

आणि गाळा कसा? बोडका! पूर्वी सरकीचं गोदाम होतं. खाली माती, वर एक दिवा. अप्पा म्हणाले, "बाई, भिंतीला चिकटून राहील ते माझं, तू जाताना उचलून नेशील ते तुझं." किती सरळ हिशेब! फरशी, मोरी, भट्टीला लागणारी थ्री-फेज लाइन अप्पांनी करायची. भट्टी, काचेची कपाटं, पाटी शालननं आणायची. नारळ फुटला. चार दुकानदारांसमोर अप्पांनी तिच्या हातात पानसुपारी ठेवली, शब्द दिला.

कागद? छे! अप्पांकडे कागद मागायचा म्हणजे जीभ झडेल, असं शालनला वाटलं.

हसू नका, इथंच घोटाळा झाला! अप्पांच्या मनातली बेकरी म्हणजे खारी, टोस्ट, नानकटाई. शालनच्या मनातली बेकरी म्हणजे केक. त्यांना विचारणं कमीपणाचं वाटलं, हिला सांगणं आगाऊपणाचं वाटलं. दोघंही भली माणसं, आणि भलेपणातच फसली!

बुधवारी दुपारी गवंडी फरशी बसवत होता. अर्धी झाली होती. अप्पा शेजारी उभे. कंपनीचा नकाशा भिंतीला लावलेला, त्यातल्या एका चौकोनावर अप्पांनी बोट ठेवलं आणि विचारलं, हे काय. गवंड्यानं वाचून सांगितलं — अंड्यांचा फ्रिज.

अप्पांचा चेहरा उतरला. ते एवढंच म्हणाले, "थापी खाली ठेव." आणि घरी निघून गेले. काम बंद!

शालनला कळलं, ती तशीच गाळ्यावर आली. मध्ये दोनच दिवस! शेजारचा कापडवाला तिला बाजूला घेऊन म्हणाला, अगं, सांग की बिनअंड्याचे केक करणार म्हणून. अंडी घरी फोड, घोळ डब्यातून आण. म्हातारा काय डबा उघडून बघणार आहे?

मंडळी, खरं सांगा, तुम्ही काय केलं असतं? एका खोट्यात दोन पोरींचं शिक्षण निघतंय! शालन पायरीवर बसून राहिली. मग उठली आणि अप्पांच्या घरी गेली.

"अप्पा," ती म्हणाली, "अंडं लागणार. कंपनीची कृती तशीच आहे, मला बदलता येत नाही. तुम्हाला आधी सांगायला हवं होतं, चुकलं माझं. पण खोटं बोलून तुमच्या जागेत भट्टी पेटवणार नाही मी."

तिनं नमस्कार केला आणि ती परत फिरली. गुरुवार उजाडला, सरला. गाळ्याला कुलूप. शालननं मुलींना सांगून टाकलं, मी मेसमध्ये परत विचारून बघते.

शुक्रवारी सकाळी निरोप आला, गाळ्यावर ये. ती धावत गेली. आत दोन गवंडी, वायरमन, आणि बाहेर रस्त्यावर अप्पा! अप्पा बोलले.

"बाई, व्रत मी धरलंय, तू नाही. मोडलं तर त्याचं प्रायश्चित्त मी घेईन. तुझा संसार मोडला, तर त्याचं प्रायश्चित्त कुणी घ्यायचं?"

त्या दिवसापासून अप्पांनी रात्रीचं जेवण सोडलं, जन्मभरासाठी. स्वतःच्या पैशानं घातलेल्या त्या फरशीवर पुन्हा पाऊल ठेवलं नाही. शनिवारी साहेबानं फरशी तपासली, मीटर पाहिला, सही केली. शालन ढसाढसा रडली. अप्पा समोरच्या फूटपाथवरून बघत होते, आणि त्या दिवशीही उपाशीच निजले.

असा माणूस, मंडळी! वडिलांचं वचन मोडल्याचं दुःख त्याला नव्हतं का? होतं! पण त्याची झळ त्यानं दुसऱ्याच्या घराला लागू दिली नाही.

आणि आपण? उद्या सोमवार. उपवास कोणाकोणाचा? ... वा, वा, केवढे हात! पुण्यवान गाव आहे! आता दुसरं विचारतो. तुमच्या उपवासाची खिचडी, वऱ्याचे तांदूळ, दाण्याची आमटी — त्यासाठी पहाटे पाचला उठून, अंगात कणकण असली तरी चुलीपुढे कोण उभं राहतं? ती बाई आज कीर्तनाला तरी आलीय का? की उद्याचा साबुदाणा भिजवायला घरीच थांबलीय?

आता कसे हात खाली गेले! घरी जा, उद्याचा विस्तव स्वतः पेटवा, आणि मगच म्हणा — माझा उपवास आहे. बोला, पांडुरंग हरी!