संध्याकाळपर्यंतची जास्वंद

...नाही, पण मला सांगा, मी कधी म्हटलं होतं का की मला झाडांतलं कळतं? माझं काम फक्त पाणी घालायचं. सासरे डोळ्याच्या ऑपरेशनला जाताना बजावूनच गेले, "जावईबापू, जास्वंदीला पाणी घाला, बाकी हात लावू नका." आणि तुम्हाला सांगतो, ही जास्वंद साधीसुधी नाही. सासूबाईंनी देवाघरी जायच्या आधी स्वतः लावलेली फांदी. वर्ष उलटलं, नुसती पानंच पानं, त्यात ती पांढरी कीड, सासरे बिचारे भिंग घेऊन एकेक पान पुसायचे... आणि पहिलं फूल कधी यावं? नेमकं आज सकाळी! बायकोला कळवलं, तर तिचा फोन, "बाबा म्हणतायत, दुपारी पट्टी निघाली की आधी ते फूल बघणार."

बघा की. पण जास्वंदीचं फूल एका दिवसाचं हो, संध्याकाळी मिटलं की मिटलं! आणि तिकडे दुपारची पट्टी चारला, चारची पाचला, बायको दर फोनला "अजून नंबर नाही आला", इकडे पाकळ्या आत वळायला लागलेल्या, मी फुलावर छत्री धरून उभा. सासूबाईंचं फूल त्यांना दिसलंच नाही तर मी काय तोंड दाखवू? माझं काम फक्त पाणी घालायचं! तेवढ्यात कुंपणापलीकडून शेजारच्या वहिनी, अगदी सहज, "अहो, तोडून फ्रिजमध्ये ठेवा की, रात्रीपर्यंत उमललेलं राहतं." आणि मी तोडलं. फ्रिजमध्ये अंड्यांच्या कप्प्यात ठेवलं, दार लावलं, आणि मग डोक्यात प्रकाश पडला... अरे, त्यांना ते झाडावर बघायचंय!

मग काय, शिवणाचा डबा. हिरवा दोरा नाही. पांढरा घेतला, मुलीच्या स्केचपेननं हिरवा केला, फाटकाशी गाडी थांबली तेव्हा मी देठाला गाठ मारतोय.

सासरे आले. काळा चष्मा काढला. बघतच राहिले. म्हणाले, "ती म्हणाली होती, लालच येईल." तुम्हाला सांगतो, मलाही भरून आलं. मग ते वाकले... आणखी वाकले... आणि माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "जावईबापू, ऑपरेशन फार छान झालंय. गाठ पांढरी राहिलीय."

माझं काम फक्त पाणी घालायचं. आणि त्यांचा अजून दुसरा डोळा व्हायचाय.