आजचा आकडा

रातपाळी करून आलेला मकसूद कर्जतच्या स्टँडावर रांगेतच पेंगत होता. कोंडाण्याकडची गाडी तासभर उशिरा होती. त्याच्या पुढं दोन म्हाताऱ्या पिशव्या मांडीवर घेऊन बसल्या होत्या.

"अंबू, तुझी जया सासरच्या डोंगरावरनं रोज आरसा चमकवते ना गं? मग सुखात हाय की."

"पयले रोज तीनदा चमकवायची. तीनदा म्हंजी बरी हाय. ते सासूला कळलं. जयाला तापात कोंडून ठेवली नि म्हातारीच तीनदा चमकवीत बसली. आठ दिस मी इकडं निवांत!"

"अगं बया!"

"म्हणून गणपतीला आली तवा आमी कवड्या टाकल्या. एकेका दिसासाठी पाच कवड्या. जितक्या उताण्या पडतील तितका त्या दिसाचा आकडा. दोघींच्या कॅलेंडरांवर लिवून ठेवला. तिचं पेटीच्या तळाला असतं."

"एवढा कुटाणा कशाला? मनानंच ठरवायचा की आकडा."

"पोरीच्या मनातलं सासू वळखते गं. कवड्यांचं कोण वळखणार?"

"आज किती वेळा चमकला?"

"चार."

"आणि कॅलेंडरावर?"

अंबूबाई उठून गाडीच्या वाटेकडं बघू लागली.

"मोजताना चुकली असंल पोर. कामानं दमते बिचारी."

"आज मोजायचंच नव्हतं गं. आजच्या पाचीच्या पाची कवड्या पालथ्या पडल्या व्हत्या. आज आरसा चमकायलाच नको व्हता."