मागच्या शाळेचा आकडा

ऑपरेशन थिएटरबाहेरच्या बाकावर माझ्या शेजारी एक इंजिनियर आणि त्याचा मुकादम बसले होते. शाळेच्या पायाचा खड्डा ढासळला तेव्हा मातीखाली सापडून पाय मोडलेला मुकादमाचा धाकटा भाऊ आत होता.

"मुकादम, खड्ड्याच्या कडांना फळ्या का नाही लावल्या?"

"साहेब, तुमच्या अंदाजपत्रकात फळ्या होत्याच कुठे?"

"मागच्या शाळेला लागल्या नव्हत्या. तिच्याच खर्चात दहा टक्के वाढवून मी आकडा काढला."

"ती शाळा खडकावर होती. इथे सगळी भरावाची माती. एकाच्या मापाचा सदरा दुसऱ्याला चढवलात."

"मग तेव्हाच सांगायचं!"

"एकेक काम मोजून यादी दिली होती की. फळ्या तिसऱ्या ओळीत होत्या."

"तुमच्या यादीने आकडा फुगला असता. काम दुसऱ्याला गेलं असतं."

"गेलं असतं तर माझा भाऊ आत्ता घरी जेवत असता."

"असं बोलू नका हो. माझ्या मेहुण्याचाही पाय मोडला होता. दोन महिन्यांत चालायला लागला."

"मातीखाली सापडले होते का ते?"

"नाही, जिन्यावरून पडला होता."

"मग त्यात दहा टक्के वाढवा, साहेब."