दगडावर मांडलेलं जेन्शियन

—नाही, मी मघापासून बघतेय, तेव्हा सारवासारव नको. मराठीच ना? फोनवर बोलत होतात, "एवढंसं फूल, पण निळं केवढं!" — म्हणून मराठीत बोलतेय, नाहीतर इंग्लिशमध्ये शिव्याच घालणार होते. ते फूल उपटलंत कशाला? गवतात होतं, फटीत, सुखात होतं — तिथून मुळासकट ओढून या पांढऱ्या दगडावर मांडलंत — का, तर फोटोत उठून दिसावं म्हणून! मांडायला रुखवत आहे का हे?

एकच तर घेतलं म्हणता? हो, प्रत्येकाला एकच लागतं. माझा नवरा, शशिकांत, आयर्लंडला आल्यापासून अकरा वर्षं येत होता इथे, दर वसंतात. आठवडाभर कंपनीत कोड लिहायचा आणि शनिवारी कॅमेरा घेऊन या बरेनच्या दगडांवर पालथा. "आपलं वाळवंट" म्हणायचा याला — झाड नाही, माती नाही, मैलोन्‌मैल नुसता खडक, आणि एप्रिल आला की भेगाभेगांतून ही निळी जेन्शियनं. कोपरं सोलवटायची त्याची, पण पाकळीला कधी बोट लावलं नाही. गवताची काडी आड आली तर फुंकर मारून बाजूला करायचा. आणि तुम्ही—

तो कुठे आहे? गेला. गेल्या वर्षी, मे महिन्यात. नाही, कोविड नाही, सगळे लगेच तेच विचारतात — स्वादुपिंडाचा कॅन्सर. घरीच होता, एनिसला, खिडकीपाशी पलंग लावला होता. एप्रिलमध्ये म्हणाला, उल्का, मला आता जमणार नाही, तू जाऊन एक फोटो आण, फोनवर काढ, हलला तरी चालेल. तेव्हा लॉकडाऊन, घरापासून दोन किलोमीटरच्या बाहेर कुणी जायचं नव्हतं, आठवतंय ना — पण मी डॉक्टर, माझ्याकडे हॉस्पिटलचं पत्र. रोज गॉर्ट गावावरून हॉस्पिटलला जायचे. नाक्यावरचा गार्डा, इथला पोलीस, पत्र उघडूनसुद्धा बघायचा नाही, "यू आर ग्रँड, डॉक्टर" म्हणून सोडायचा. तिथल्या वळणावरून ही फुलं वीस मिनिटं आत. वीस! आणि मी काय म्हणाले त्याला? पत्र पेशंटसाठी आहे, फुलांसाठी नाही. मरणाऱ्या माणसाला नियम सांगितला मी! अहो, वॉर्डात माणसं एकेकटी जात होती, मुलांचा निरोप व्हिडिओ कॉलवर — आणि मी फुलं बघायला जाऊ? लाज वाटली मला... नाही, हे अर्धंच खरं. दमले होते. ड्यूटी संपली की पार्किंगमध्ये अर्धा अर्धा तास नुसती बसायचे. फुलांकडे जायचं नव्हतं मला — आणि घरी तरी कुठे जायचं होतं? घरी तो होता. तसा.

हे कशाला सांगतेय मी तुम्हाला?

तिसऱ्यांदा विचारलं त्याने, तेव्हा सांगून टाकलं — जाऊन आले, या वर्षी फुलंच नाहीत. थाप. चक्क थाप — अकरा वर्षं ही फुलं बघणाऱ्या माणसाला! तर म्हणाला, "ऊन नसेल गं. ऊन नसलं की मिटतात ती, गवतात दिसत नाहीत. तुझी काय चूक." माझीच समजूत काढत होता. कळलं होतं त्याला, पुरतं कळलं होतं! रागवायचं ना? ओरडायचं! ओरडला असता तर आत्ता मला... नऊ दिवसांनी गेला.

आणि आज त्याचा कॅमेरा घेऊन आलेय, तर सकाळपासून एक फोटो धड येत नाही. सगळे निळे फराटे. काय म्हणालात? फोकस लावून देता? नको. हात लावू नका त्याला — मास्क वर घ्या आधी, आणि लांब राहा. सॉरी पण म्हणू नका. मी म्हणाले होते त्याला सॉरी, कधी, तर श्वास थांबल्यावर, तपासून, वेळ लिहून झाल्यावर. काय करायचंय त्या सॉरीचं?

निघा तुम्ही. निघा म्हणते ना! — आणि खाली बघून पाऊल टाका.