पोळा यादीत नाय

डोळ्यांच्या दवाखान्यात मंजुषा नंबराची वाट बघत होती. शेजारी एक म्हातारं जोडपं बसलेलं. म्हातारीच्या डोळ्यांत थेंब घातलेले, म्हणून तिचा फोन नवरा वाचत होता.

"तुझ्या गेमच्या कंपनीनं इचारलंय, पुढं काय काढू? गाड्यांच्या शर्यतीचा तिसरा भाग, लढाईचा पाचवा, का शेतीचा दुसरा?"

"शेतीचाच की. लढाई कशाला लागती?"

"त्यात नवीन काय पायजे? ट्रॅक्टर, ड्रोन, का जर्सी गाया?"

"पोळा पायजे म्हणावं."

"पोळा यादीत नाय."

"मग खाली लिहा. बैल रोज जुंपायला लावता, त्यांना वर्षातून एक दिस सुट्टी द्या."

"अगं, चित्रातले बैल ते."

"आपली जोडी होती तवा तुमीच म्हणायचे, पोळ्याला खांद्यावर जू दिसायला नको. जोडी इकून शहरात पुंडलिकनगरला आलो म्हणून इसरायचं व्हय?"

म्हातारा बराच वेळ एका बोटानं अक्षरं शोधत राहिला.

"लिहिलं. खाली तुझं नाव टाकलं."

"आज खांदेमळणी. उद्या पोळ्याला माझ्या डोळ्याला पट्टी असंल. खांदे चोळायला इथं लोणी-हळद नाय, पण गेममधल्या बैलांना जेवायचं आवतन तरी द्या."

"इथं? लोक हायेत."

"पारूबाई, चला आत," नर्सनं हाक मारली.

"द्याल ना?"

"जा तू."

दार लागलं. म्हाताऱ्यानं इकडंतिकडं बघितलं. मंजुषानं मान खाली घालून उगाच फाईल चाळायला घेतली. त्यानं गेम उघडून फोनवरल्या बैलांचे खांदे अंगठ्यानं हळूहळू चोळले.

"आज आवतन घ्या, उद्या जेवाया या."