बघायच्या कार्यक्रमात उठलेलं पित्त

अंगावर पित्त कधीही उठावं, पण मुलगी बघायला गेल्यावर उठू नये.

मी शिक्रापूरला कारखान्यात कामाला. राहू गावचं स्थळ आलं. मुलगी पुण्यात, औषधांच्या पेटंटचे अर्ज तयार करणाऱ्या ऑफिसात. मामा वाटेतच म्हणाले, "शिक्षण इचारलं तर बारावी सांग. नववी म्हणलास तर चहासुदीक मिळायचा न्हाई."

तिनं पहिलाच प्रश्न शिक्षणाचा विचारला. मी "बारावी" म्हणालो आणि मानेला खाज सुटली. बघता बघता दोन्ही हातांवर लाल गांधी उठल्या. तिच्या आईनं धावत जाऊन आमसुलाचं पाणी आणलं आणि माझ्या हाताला चोळायला घेतलं.

मामा म्हणाले, "सकाळी शेंगदाणे लई खाल्ले त्यानं."

मुलगी शांतपणे म्हणाली, "हे हिस्टामाइनमुळं होतं. ते आपलं शरीरच तयार करतं. त्याला अडवणाऱ्या औषधांचे कितीतरी अर्ज मी टाइप केलेत. काहींना टेन्शननंही असं होतं. तुम्हाला कसलं टेन्शन आहे?"

आमसुलाचं पाणी माझ्या कोपरावरून सतरंजीवर ठिबकत होतं.

मी म्हणालो, "मी नववीतच शाळा सोडलीय."

मामांनी कपाळाला हात लावला. तिची आई चोळायची थांबली.

"आमच्या अर्जात आधीचं काही लपवलं आणि मागनं सापडलं, तर मिळालेलं पेटंटही रद्द होऊ शकतं," मुलगी म्हणाली. "तुम्ही वेळेत सांगितलंत."

मग आईकडं वळून म्हणाली, "आई, चहा टाक."