चौथ्या पानावरचं पत्र

सन्माननीय अध्यक्ष रेव्हरंड अक्वा, व्यासपीठावरील आपले राजे, नाना, आणि त्यांचे मानकरी, संपादक श्री. एगिर, आजच्या सत्कारमूर्ती कुमारी विल्हेल्मिना डॅड्झी, म्हणजे आपल्या सर्वांच्या ‘मावशी अरबा’, आणि केप कोस्टच्या बंधुभगिनींनो,

मला दहा मिनिटं दिली आहेत. मी मुख्याध्यापिका आहे, घंटा पाळते.

सत्तावीस वर्षं दर शुक्रवारी मावशी अरबानं आपल्या पत्रांना उत्तरं दिली. सवत, सासू, दारुडा नवरा, पळून गेलेली मुलगी. या गावातलं कोणतं दुखणं तिच्या टेबलावर आलं नाही? १९३५ साली बाईनं वर्तमानपत्रात सल्ला द्यायचा म्हणजे धाडस होतं. ते विल्हेल्मिनानं, माझ्या मिनानं, केलं. तेव्हा आम्ही दोघी शिक्षिका, एका खोलीत राहायचो. मला तिचा अभिमान होता.

आता हातातल्या पुस्तिकेचं चौथं पान काढा. मिनाच्या आठवणी आहेत. ‘पहिले तीन आठवडे एकही पत्र आलं नाही. संपादक म्हणाले, सदर बंद करतो. मग पहिलं पत्र मीच लिहिलं आणि उत्तरही मीच दिलं!’ मघाशी हे वाचलं गेलं तेव्हा सभागृह हसलं. मीही हसले. मग खाली छापलेलं ते पत्र वाचलं.

‘माझं लग्न ठरलं आहे. आपल्याकडे कापडांना म्हणींची नावं असतात; त्याच्या आईनं दिलेल्या कापडाचं नाव “चांगले मणी वाजत नाहीत”, म्हणजे भली बाई बोलत नाही. लग्नाआधीच माझं तोंड शिवायची तयारी दिसते. नवऱ्यापेक्षा मला माझा वर्गच जास्त आवडतो की काय?’

मिना, पाण्याचा पेला खाली ठेव आणि ऐक. ही वाक्यं माझी आहेत. पलंगावर बसून, मक्याची केंकी खाता खाता मी तुला सांगितलेली. खोलीत तिसरी होती माझी धाकटी बहीण, एकुबा. सतरा वर्षांची.

शुक्रवारी पत्र छापून आलं. शनिवारी मादाम बेंत्सिल, माझी होणारी सासू, दारात उभी. “या नावाचं कापड मी एकाच घरात दिलंय, बाई. आमच्या फिलिपला वर्तमानपत्रात बोलणारी बायको नको.” मी कापड परत करू लागले तर म्हणाली, “राहू दे. तुलाच त्याची गरज आहे.”

त्या संध्याकाळी मी मिनाला विचारलं, “हे तू लिहिलंस?”

“वेडी की काय तू! पत्र टपालानं आलंय. मी फक्त उत्तर दिलं.” आणि मग हळूच म्हणाली, “खोलीत आणखी कोण होतं, आठव.”

मी आठवलं. एकुबा रडत होती. “ताई, मी नाही गं. मला धड लिहिता तरी येतं का?” मी म्हणाले, “पैसे दिले की लिहून देणारे बाजारात बसतात.” आणि तिला कुमासीला काकांकडे पाठवून दिलं. पुढे ती परत आली, मासळीचा धंदा उभा केला. आजच्या जेवणातली मासळीही तिचीच. पण मी तिच्याशी बोलले नाही. आपल्याकडे सख्ख्या बहिणी समारंभाला एकाच ठाणाचं कापड नेसून येतात. आम्ही सत्तावीस वर्षं वेगवेगळ्या रंगांत येतो, आणि गाव ते वाचतं.

मिना, तुझं उत्तर होतं, ‘गप्प बसवणाऱ्या घरात जाऊ नकोस.’ सल्ला योग्यही असेल. पण मी तो मागितला नव्हता. माझं लग्न मोडलं, ते मी निभावून नेलं. बहिणीचं नातं मात्र तू माझ्याच हातून तोडलंस. आणि आज ती गोष्ट गंमत म्हणून छापताना तुला आठवलंसुद्धा नाही, की ती कोणाची होती. मला हेच सर्वांत जास्त लागलं.

तरीही मावशी अरबाचं ऋण मान्य करून मी तिचाच एक सल्ला आज पाळणार आहे. तिनं कितीदा तरी लिहिलंय, ‘चारचौघांत लावलेला डाग चारचौघांतच धुवावा.’

एकुबा, शेवटच्या रांगेत, खांबाआड बसली आहेस. मला दिसते आहेस. ते पत्र तू लिहिलं नव्हतंस. तू खरं सांगत होतीस. माझं चुकलं.

अध्यक्ष महाराज, घंटा झाली. सत्कार समितीनं मला बोलू दिलं, सभेनं शांतपणे ऐकलं, दोघांचे आभार. बोलण्यात अधिक-उणं झालं असेल तर सभेनं ते पदरात घ्यावं. बहिणीनं मात्र माफ करायची घाई करू नये.

एकुबा, मादाम बेंत्सिलचं ते कापड अजून माझ्या पेटीत आहे, घडीही मोडलेली नाही. बारा वार आहे. दोघींना पुरेल.